डाव्या दाराखालचा पत्रा

“मग आतून कडी का लावता, वस्ताद?”

वस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

“इंजिन उघड्यावर खोलता. गिअरबॉक्स उघड्यावर खोलता. अख्खी गल्ली बघत असते. मग मागच्या खोलीतच असं काय आहे?”

“गंज हाय.”

“गंजाला कडी लागते?”

वस्तादांनी बशी विसळली, पालथी घातली आणि मागच्या खोलीत गेले. कडी लागली. मला समोर बसून ऐकू आली.

मी सर्जेराव. वस्तादांच्या गॅरेजसमोर माझं सीट कव्हरचं दुकान. कोल्हापुरातल्या या गल्लीत माझी सुई एकतीस वर्षं चाललीय आणि जीभ त्याहून जास्त. सांगतोय ते माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. त्यात माझीही शोभा झाली, तीही सांगतो.

दस्तगीर वस्ताद म्हणजे जुन्या मोटारींचे मिस्त्री. ज्या गाड्यांचे कारखानेसुद्धा कधीच बंद पडले, त्या गाड्या लोक पुण्याहून, बेळगावाहून ओढत यांच्याकडं आणतात. इंजिनाला कान लावून दोष सांगणारा माणूस. आणि ज्यानं कडीचं विचारलं तो अभिनंदन चौगुले, त्यांचा शिष्य. तिशीचा इंजिनीअर, पुण्याची चांगली नोकरी सोडून हात काळे करायला आलेला. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं. आणि हे त्याला ठाऊक होतं, एवढीच काय ती खोड.

आता गंमत बघा. दुसरा कुठलाही मिस्त्री शिष्याला पहिली दोन वर्षं घाण कामं लावतो. गंजून बसलेले बोल्ट काढ म्हणतो. ते निम्म्यात तुटतात, मग आत राहिलेला तुकडा कोरत बसायचं. डॅशबोर्डखाली उलटं झोपून वायरी शोध म्हणतो. पेट्रोलच्या टाकीत खडे घालून दिवसभर हलव म्हणतो. माझ्या धंद्यात तर विचारूच नका. जुनी सीट उचकटली की आत मेलेली घूस. तोंडाला फडकं बांधून काढायची आणि त्या दिवशी जेवायचं नाव काढायचं नाही.

वस्तादांनी अभिनंदनला यातलं काही लावलं नाही. पहिल्याच महिन्यात कार्बोरेटर हातात दिला, सहाव्या महिन्यात इंजिन. अडीच वर्षांत होतं नव्हतं ते सगळं दाखवलं.

दुसरा असता तर पेढे वाटले असते. अभिनंदनला संशय आला.

“सर्जेराव, एवढं सहज कोण देतं हो?” तो मला म्हणायचा. “काहीतरी मोठं मागं ठेवलंय यांनी.”

तसं संशयाला जागाही होती. दर तीन-चार महिन्यांनी वस्ताद एसटीनं कुठंतरी जायचे आणि एखादी जुनी गाडी घेऊन यायचे. मालकानं बोलावलेलं नसायचं. हेच त्याच्या दारात जाऊन म्हणायचे, पंधरा दिवस गाडी द्या, बघून देतो. ती गाडी मागच्या खोलीत जायची. दुपारी दोन ते पाच कडी. संध्याकाळी पोत्यानं झाकलेलं घमेलं घेऊन वस्ताद मागच्या दारानं बाहेर पडायचे. काय नेताय विचारलं तर म्हणायचे, “कचरा.”

“कचरा झाकून नेतात व्हय?” हे अभिनंदनला मीच म्हणालो. खोटं कशाला बोलू, आगीत तेल ओतणारा मीच. जुन्या गाडीचे मूळचे पार्ट मुंबईचे शौकीन लोक शोधत फिरतात, तेही मीच त्याच्या कानात घातलं.

त्यात दसरा तोंडावर आलेला. खंडेनवमीला आमच्या गल्लीत सगळे पाने-हातोडे धुऊन, हळदकुंकू लावून मांडतात. वस्तादही मांडतात. यंदा त्याच दिवशी गॅरेज अभिनंदनच्या हाती द्यायचं वस्तादांनी ठरवलं होतं. गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. पाटीवर अभिनंदनचं नाव रंगवायला पेंटरसुद्धा सांगून ठेवला होता.

“त्या पाटीवर माझं नाव लागणार,” अभिनंदन म्हणाला. “आत चोरी चालत असेल तर उद्यापासून ती माझ्या नावानं चालेल. घरात काय तोंड दाखवू? आणि चोरी नसेल तर… मी कुणावर संशय घेतोय, सर्जेराव?”

गड्याची झोप उडाली होती. बघून मलाही वाईट वाटायचं. पण जिभेला हाड नाही ती नाहीच.

तर ती कडी लागली आणि अर्ध्या तासात रिक्षातून शांताक्का मगदूम उतरल्या. कुरुंदवाडच्या रिटायर्ड हेडमास्तरीणबाई. पंचाहत्तरी उलटलेली, हातात छत्री, नजर अजून वर्गावर असल्यासारखी. मागच्या खोलीतली क्रीम रंगाची मोटार त्यांची. यजमान वकील होते, ते वारल्यापासून गाडी शेडमध्ये असायची. भाचा चालवायला मिळाला की आक्का नातवंडांना घेऊन बाहुबलीला दर्शनाला जायच्या, तेवढीच काय ती बाहेर निघायची.

“माझी गाडी बघायची आहे.”

“दुरुस्तीला दिलीय ना, बाई?” अभिनंदननं विचारलं.

“मी कुठं दिली? मिस्त्रीच माझ्या दारात आले. म्हणाले, पंधरा दिवस द्या. गाडीला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. आज सोळावा दिवस आहे. शेजारी म्हणाले, आक्का, गाडी अशी कुणी देतं होय?”

अभिनंदननं माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या रेक्झिनकडं बघितलं.

तो तडक गेला आणि मागच्या खोलीच्या दारावर थाप मारली.

“वस्ताद, दार उघडा. गाडीच्या मालकीणबाई आल्यात.”

आतली ठोकाठोक थांबली.

“पाच मिनिटं.”

“आत्ता उघडा.”

वस्तादांशी त्या आवाजात बोललेलं मी कुणाला ऐकलं नव्हतं. मी दुकान उघडं टाकून धावलो. म्हटलं, आज काहीतरी निघतंय.

…कडी निघाली.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली. खाली पोतं अंथरलेलं. वस्तादांचं तोंड डांबरानं काळं, भुवयांत गंजाचा भुगा, मान एका बाजूला आखडलेली. शेजारी ते घमेलं, झाकलेलं.

अभिनंदन कुणाकडं न बघता घमेल्याकडं गेला आणि त्यावरचं पोतं ओढलं.

पार्ट नव्हते. गंजलेल्या पत्र्याचे पापुद्रे होते आणि काळे गोळे होते. त्यानं एक गोळा फोडला. आत कागद निघाला. दुमडून, दाबून बसवलेला पेपर. त्यानं घडी उलगडली. ट्रॅक्टरची जाहिरात होती आणि वर तारीख. ऑगस्ट १९८४.

“हे काय आहे?”

“पेपर.”

“दिसतंय. कुठून आला?”

“दाराखालनं.”

हे जरा सांगायला हवं. जुन्या मोटारीच्या दाराखाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची लांब पोकळ पेटी असते. सगळ्या गाडीचा भार तिच्यावर. पाणी, चिखल आत शिरतो आणि पत्रा आतून सडतो. नीट करायचं तर उताणं झोपून सडका पत्रा कापायचा, लख्ख होईतो घासायचं, नवा पत्रा जोडायचा. गंज डोळ्यांत पडतो. वेल्डिंगच्या ठिणग्या मानेत पडतात. एवढं करून पेटी बंद झाली की आत काय केलंय ते जन्मात कुणाला दिसत नाही. इंजिन चांगलं झालं तर मालक बॉनेट उघडून पाव्हण्यांना दाखवतो. तळ कोण दाखवतो? गाडीच्या कामात याच्यासारखं नकोसं काम नाही.

चोरवाट तासाभराची आहे. पेपरचे बोळे कोंबायचे, वर पुट्टी, वर डांबर. बाहेरून नव्यासारखं.

“आणि ही हलकट हातचलाखी केली कुणी?” अभिनंदननं विचारलं.

“मी.”

…

“सत्तावीस वर्षांचा हुतो,” वस्ताद म्हणाले. “वकीलसायबांनी विश्वासानं दिली गाडी. इंजिन असं वाजवलं की सायबांनी अख्ख्या कुरुंदवाडात माझं नाव केलं. तळाला पेपर घातला.”

“का?”

“कंटाळा. दुसरं काय?”

“अशा गाड्या किती?”

“आठवत्यात त्या एकोणीस. चार मोडीत गेल्या. ही बारावी.”

अभिनंदनचा संशय एवढ्यानं मरणारा नव्हता. “चाळीस वर्षं आठवलं नाही. मग अलीकडंच कसं आठवलं?”

“तू आलास त्याच्या आदल्या वर्षी एका गाडीला जॅक लावला. जॅक पत्रा फोडून वर गेला, गाडी गेली न्हाई. आत पेपर निघाला. बायका-पोरं बसायची त्या गाडीत.”

“आणि कडी?”

“लाज वाटती.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. चोर पकडायला धावलो होतो, आणि समोर हा म्हातारा काळ्या तोंडानं उभा.

शांताक्का मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

“चाळीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “आमचे हे सगळ्यांना सांगायचे, दस्तगीरनं हात लावला की मी डोळे मिटून गाडीत बसतो. आणि मी नातवंडांना बसवते हो त्यात. नातवंडांना!” त्यांचा आवाज फाटला. त्यांना राग आला होता आणि रडूही येत होतं. “गेले ते बिचारे, तुमचं कौतुक करत गेले.”

“बोला बाई. काय बोलायचं ते बोला.”

“बोलून काय करू?” त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि छत्रीचं टोक गाडीकडं केलं. “ही उजवी बाजू उघडी आहे, ती दिसतेय मला. डावी?”

“डावी झाली. आठ दिस झाले बंद करून.”

“आत काय आहे?”

“नवा पत्रा.”

“कशावरून?”

अभिनंदनला ते लागलं. घटकेपूर्वी चोर पकडायला निघालेला गडी, पण आता वस्तादांची बाजू घेऊन बोलला. “बाई, एवढं कबूल केलंय त्यांनी. सांगतायत ना, नवा पत्रा आहे म्हणून.”

“तेव्हाही सांगितलंच होतं,” शांताक्का म्हणाल्या. “उजवीकडं आज मी आले. डावी केली तेव्हा मी नव्हते.”



“बाईंचं बरोबर हाय,” वस्ताद म्हणाले.

त्यांनी फळीवरची छन्नी आणि हातोडा घेतला आणि अभिनंदनपुढं धरला.

“फोड.”

“वस्ताद, आठ दिवस घालवलेत तुम्ही या बाजूला. मान वळत नाही तुमची…”

“फोड म्हटलं न्हवं?”

अभिनंदन पोत्यावर उताणा झाला आणि सरकत डाव्या बाजूखाली गेला. पहिला घाव जरा जपूनच घातला. दुसऱ्याला डांबराचे तुकडे त्याच्या तोंडावर पडले. चांगल्या कामावर घाव घालताना हाताला कसं वाटतं ते माझ्यासारख्या शिवणाऱ्याला विचारा, नवी शिवण उसवताना मला शिव्या सुचतात. तो बिचारा गप्प ठोकत राहिला. शेवटी तळहाताएवढा पत्रा कापला गेला आणि त्यानं तो खाली वाकवला.

शांताक्कांनी पदर खोचला आणि छत्री टेकत टेकत सरळ जमिनीवर बसल्या. मी बॅटरीचा उजेड धरला.

आत नवा पत्रा होता. कानाकोपऱ्यापर्यंत तांबडा रंग दिलेला, वरून जुनं इंजिन ऑइल सोडलेलं, म्हणजे पुन्हा गंज धरू नये. जिथं कुणाचा हातसुद्धा पोचणार नाही तिथंही ब्रश फिरलेला.

आक्कांनी भोकात बोट घातलं. फिरवलं. बाहेर काढून बघितलं.

“पेपर नाही,” त्या म्हणाल्या आणि रुमालाला बोट पुसलं. चांगलं केलंय असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणायला त्या काही बांधील नव्हत्या.

अभिनंदन अजून गाडीखालीच होता. तिथूनच बोलला. “वस्ताद, हे मला का नाही शिकवलंत? इंजिन दिलंत, गिअर दिलात. हे काम मला कधीच का दिलं नाहीत? घाण म्हणून मी नाही म्हणालो असतो असं वाटलं तुम्हाला?”

“एकदा दिलं हुतं.”

…



“गेल्या साली श्रावणात मी लेकीकडं हुबळीला गेलो,” वस्ताद म्हणाले. “डॉक्टर बर्ग्यांच्या गाडीचा तळ तुला सांगून गेलो. आत काय घातलंस?”

अभिनंदन सरकत बाहेर आला. उठून बसला. तोंड काळं झालेलं.

“काय घातलंस, अभ्या?”

“…पोतं.”

आता माझं ऐका. ते पोतं माझ्याच दुकानातलं. सर्जेराव, एक जुनं पोतं द्या म्हणाला आणि मी दिलं. बाकी गल्लीभरच्या चौकशा करणारा मी, त्या दिवशी मात्र कशाला पाहिजे म्हणून विचारलं नव्हतं.

“पोतं घातलं, वर पुट्टी लावली, वर डांबर,” अभिनंदन खाली बघत म्हणाला. “डॉक्टरांना बाहेरगावी जायचं होतं, घाई होती. म्हटलं, परत आली की नीट करू.”

“मीबी तसंच म्हटलं हुतं.”

“पण मग ती गाडी अजून…” तो ताडकन उठला. “डॉक्टरांच्या मुली रोज शाळेला जातात त्यातनं!”

“बस खाली. मी आल्यावर डॉक्टर गाडीतनं वाटंत भेटले, तवाच वास आला. वल्ल्या पोत्याचा वास लपत न्हाई. गणपती बसायच्या आत मागून आणली आणि केली. हितंच.”

अभिनंदन बसला. त्याच्या ध्यानात आलं असणार, माझ्याही आलं. डॉक्टरांची गाडी मागच्या खोलीत होती ते दहा-बारा दिवस आम्ही दोघं माझ्या दुकानात बसून हिशेब मांडत होतो, आज वस्तादांनी तिचं काय काढून नेलं असेल म्हणून.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गंज गेला डोळ्यात असं म्हणायची सोय होती, पण त्यानं म्हटलं नाही.

“मला एका शब्दानं बोलला नाहीत.”

वस्तादांनी त्याच्या बाजूला पडलेली छन्नी उचलून फळीवर ठेवली.

“हे ठाऊक असून गॅरेज मला देणार होता?”

“इंजिन बिघडलं तर भर रस्त्यात हुबं ऱ्हाऊन तुझं नाव घेतंय. त्येची काळजी मला न्हाई. तळ कुणाचं नाव घेत न्हाई, काळजी त्येची.”

“पेंटरला नको म्हणून सांगा, वस्ताद. ती पाटी माझ्या नावाची नको.”

वस्तादांनी चिंधी घेतली आणि कोपरापर्यंतचं डांबर पुसत बसले. मला वाटलं, झालं. एवढा हुशार गडी आज संध्याकाळी पुण्याची गाडी धरणार, आणि वस्तादांमागं या गॅरेजला कुलूप लागणार.

“अहो मिस्त्री,” शांताक्का छत्रीवर जोर देत उठल्या. “मला साडेपाचची एसटी आहे. ते भोक कोण बुजवणार?”

अभिनंदननं वस्तादांकडं बघितलं. मग वायर ब्रश उचलला.

“मी बुजवतो.”

वस्तादांचा चिंधीचा हात थांबला.

“आतलं तेल पुसून काढतो,” अभिनंदन भराभर सांगू लागला. “कडा घासतो. नवा तुकडा कापतो, आतल्या बाजूनं दोन हात रंग देतो. अजिबात घाई करत नाही, वस्ताद. आणि पत्रा जोडायच्या आधी हाक मारतो. तुम्ही बॅटरी लावून आत बघा, बाईंनाही दाखवा. तुम्ही बरं म्हणालात की मगच बंद करतो.”

वस्तादांनी कोपऱ्यातल्या चपला पायानं ओढल्या. बाईंची पिशवी आपल्या हातात घेतली. मी आपला बॅटरी धरून तिथंच उभा होतो, तर मला म्हणाले, “सर्जेराव, चल तूबी भाईर.”

मी निघालो. बाई निघाल्या. वस्ताद उंबऱ्यावर थांबले आणि मान वळत नव्हती म्हणून अख्खेच मागं वळले.

“आधी नको. बंद केल्यावर हाक मार.”